छपाईची चूक

एप्रिल लागला की कॉलेजच्या फलकावर परीक्षेचं वेळापत्रक लागतं आणि माझ्या पोटात गोळा येतो. परीक्षा मुलांची, गोळा माझा. इतकी वर्षं मराठी शिकवते आहे, पण यात तसूभर फरक पडलेला नाही. पेणहून रोह्याला जाणारी सकाळची मेमू पकडायची तर मी अर्धा तास आधी फलाटावर हजर. "गाडी अजून मागच्या टेसनात, जित्याला उभी हाय," असं कुणी सहज म्हणालं तरी माझ्या डोळ्यांसमोर पर्यवेक्षकाविना बसलेला वर्ग येतो. घरातून निघताना गॅसचं बटण दोनदा बघायचं, कुलूप तीनदा ओढायचं, आणि कोपऱ्यापर्यंत गेल्यावर एकदा मागे वळायचं. घरची मंडळी मला 'काळजीवाहू सरकार' म्हणतात. हे सरकार पडण्याची चिन्हं नाहीत.

यंदाही तेच चाललं आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गणपतीचा कारखाना आहे. भाद्रपद अजून लांब, पण आत पांढऱ्याफेक मूर्तींच्या रांगा लागल्यात, सगळ्या अजून बिनडोळ्यांच्या. शेजारच्या अंगणात पोह्याचे पापड वाळत घातलेत आणि काठी घेऊन बसलेली बाई अधूनमधून कावळ्यांना दम देते आहे. तिच्या पाठीमागच्या खोलीत टीव्ही लागलेला असतो. परवा जाता जाता त्यातले तीन शब्द कानावर पडले: सीमा, तणाव, हालचाली. मी तशीच मागे फिरले, घरात आले आणि कपाटातून ती कादंबरी काढली. काढली, पण उघडली नाही. दोन दिवस टेबलावर तशीच पडून आहे. तिच्यावर चष्म्याचं घर ठेवायचं आणि पुन्हा उचलायचं, एवढाच आमचा संबंध.

कादंबरीचं नाव मी सांगणार नाही. तिचा शेवट मला सांगावा लागणार आहे, आणि शेवटही सांगायचा, नावही सांगायचं, म्हणजे पुढे ती वाचणाऱ्याच्या ताटातला घास काढून घेतल्यासारखं होईल. लेखक जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे त्यांची हरकत येणार नाही. पातळशी, दीडशे पानांच्या आतली. दुसऱ्या वर्षाला 'युद्धविरोधी कादंबरी' म्हणून लावलेली, आणि गंमत अशी की तिच्यात युद्ध नाहीच. एक गोळी सुटत नाही. एक गाव, एक घर, एक आई आणि सैन्यात गेलेला तिचा थोरला मुलगा. त्याला नावसुद्धा नाही, सगळं गाव त्याला थोरलाच म्हणतं. तो रजेवर येतो, भात लावतो, कौलं शाकारतो, धाकट्या बहिणीच्या खोड्या काढतो आणि परत निघतो. असा सात वेळा येतो आणि सात वेळा निघतो. सातव्यांदा निघाल्यावर दोन पानांत कादंबरी संपते. त्या दोन पानांत आई जेवायला वाढते, आणि ताटं किती मांडली ते लेखक सांगत नाही.

माझ्या नोट्स ठरलेल्या होत्या. आशय: युद्धाची निरर्थकता, मानवी नात्यांची होरपळ. शैली: संयत, अल्पाक्षरी. 'कादंबरी पुढे सरकते तशी वाक्यं आखूड होत जातात आणि विशेषणं गळून पडतात' हे माझं स्वतःचं निरीक्षण. कुठल्याही गाईडात ते नव्हतं आणि मला त्याचा बऱ्यापैकी गर्व होता. पोरं ते इमानाने पाठ करत. एकाने तर 'युद्धामुळे लेखकाची विशेषणे गळून पडली' असं लिहिलं होतं, जणू टायफॉइडनंतर केस गळावेत. शेवटाबद्दल माझ्या नोट्समध्ये एकच ओळ होती: 'अखेरच्या निरोपाचा प्रसंग लेखकाने अत्यंत संयमाने रंगवला आहे.' अकरा वर्षं मी ही ओळ सांगत आले. तिच्यात काय राहून गेलंय हे मला माहीत नव्हतं.

मी ज्या उन्हाळ्याबद्दल बोलते आहे तो फार जुना नाही. फलाटावर, एसटीत, स्टाफरूममध्ये, जो तो हातातल्या फोनवर अंगठा सरकवत बातम्या खाली ओढत होता, आणि खाली ओढल्यावर नव्या बातम्या वर येत होत्या. धाटावच्या कंपन्यांचा भोंगा एरवी रोह्याच्या अंगवळणी पडलेला. त्यावर पाळ्या सुटतात, बायका कुकर लावतात, पुलावर दुचाक्यांची गर्दी होते. पण त्या एप्रिलात जाहीर झालं की हवाई हल्ल्याच्या सरावाचा भोंगा वाजवणार, आणि तेव्हापासून रोजचा भोंगासुद्धा लोक मान वर करून ऐकायला लागले. "आपला हाय का त्यांचा?" आमचा रिक्षावाला विचारायचा. आपला म्हणजे कंपनीचा, त्यांचा म्हणजे कुणाचा ते त्यालाही सांगता आलं नसतं. मी काळजीवाहू, त्यामुळे मला दोन्ही त्यांचेच वाटायचे. घामाने भिजलेल्या खडूने फळ्यावर 'युद्धविरोधी साहित्याचे विशेष' असं लिहायचे ते भोंग्याकडे एक कान ठेवून.

मनीषा दुसऱ्या बाकावर बसायची. कुंडलिकेचा पूल ओलांडला की अष्टमी, आणि अष्टमीच्या पुढे आत शेतांत तिचं गाव. भात आणि भातामागून वाल, एवढी शेती. वडील धाटावला एका कंपनीत ठेक्यावर, कधी दिवसपाळी तर कधी रातपाळी. मोठा भाऊ नितेश सैन्यात. तो नेमका कुठे आहे ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. "वर हाय," एवढंच ती म्हणायची, आणि वर म्हणताना हात खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराकडे करायची. अबोल मुलगी, वर्गात कधी प्रश्न न विचारणारी. म्हणून त्या दिवशी तास संपल्यावर ती व्हरांड्यात माझी वाट बघत थांबलेली दिसली तेव्हा मला वाटलं, फॉर्मवर सही हवी असेल.

"मॅडम, एक विचारू? पेपरातलं नाय."

"विचार ना."

"पेपरातलंच हाय. पण पेपरासाठी नाय."

मग तिने जे सांगितलं ते असं. मोठ्याने वाचल्याशिवाय तिच्या डोक्यात शिरत नाही. घरात ती ओटीवर बसून कादंबरी वाचायची आणि समोर आई सुपात वाल निवडत असायची. आईची शाळा दुसरीतच सुटली, आता सही करते तेवढीच. पण पहिल्या प्रकरणापासून आईचा कान तिकडे लागला. थोरल्यानं भात कुठलं लावलं, बहिणीला काय आणलं, याची चौकशी सुरू झाली. स्वयंपाक करता करता विचारायची, "मने, थोरल्याची रजा मंजूर झाली का गो?" पोरीला वाटलं, बरं झालं, आपला अभ्यास होतो आणि आईचं मन रमतं. असं करत आदल्या दिवशी शेवटचं प्रकरण आलं.

"'आये, जातो,' असं वाचलं मी," मनीषा म्हणाली, "आणि आईचा हात सुपातच थांबला. म्हणाली, काय बोलला तो? परत वाच. मी परत वाचलं. मग म्हणाली, घरातून निघताना कोण असं बोलतं?"

कोणीच बोलत नाही. दोन पावलांवरच्या दुकानात मीठ आणायला जायचं असलं तरी आपल्याकडे निघताना 'येतो' म्हणतात. लहानपणी मी एकदा शाळेला उशीर झाला म्हणून दारातून "आई, जाते," असं ओरडून धावले होते. आईने मला कोपऱ्यावरून परत बोलावलं, पाटावर बसवलं, घोटभर पाणी प्यायला लावलं आणि पुन्हा नव्याने निघायला सांगितलं. शाळेत छड्या बसल्या त्या मी अजून विसरलेले नाही, आणि 'जाते' हा शब्द त्यानंतर उंबऱ्यावर माझ्या तोंडून कधी आला नाही. इतकं सगळं अंगात भिनलेलं असून अकरा वर्षं ते पान माझ्या डोळ्यांखालून गेलं. मी विशेषणं मोजत बसले होते.

मनीषाने पुस्तक पुढे केलं. तिने पानांमध्ये कागदाच्या पट्ट्या घातल्या होत्या. पहिल्या निरोपाला 'येतो'. दुसऱ्याला 'येतो, आये'. तिसऱ्यांदा पावसात घाईघाईने निघतो तेव्हाही, ओल्या पायांनी उंबऱ्यापर्यंत परत येऊन, 'येतो'. सहाही पट्ट्यांवर तेच. सातव्या पट्टीवर 'जातो'.

आमच्या गल्लीतल्या कारखान्यात मूर्ती घडवतात दहा जण, रंगवतात पाच जण, पण डोळ्यांची आखणी एकटे म्हातारे कारागीरच करतात. तोवर सगळ्या मूर्ती सारख्या दिसतात. ते ब्रश टेकवतात आणि समोरचा चेहरा बघायला लागतो. मला त्या व्हरांड्यात तसंच झालं. दीडशे पानं तोंडपाठ असलेली कादंबरी त्या एका शब्दाने डोळे उघडून माझ्याकडे बघत होती. थोरल्याला कळलेलं होतं. त्याने आईला सांगितलं होतं, एकाच शब्दात, आणि आईने पुढे काही न विचारता ताटं मांडली होती. काय लेखक होता हा माणूस, असं माझ्या मनात आलं आणि मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, आधी आनंदच झाला.

मग मी मनीषाच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"दादाचा फोन येऊन नऊ दिवस झाले," ती म्हणाली. "शेवटचा आला तेव्हा आईशी बोलला. आवाज तुटत होता. 'बरं आई, जा...' एवढंच आलं आणि फोन कटला. मी म्हणते तो 'जातोय ड्युटीला' बोलला असेल. नायतर 'जाऊन झोप आता' असं बोलला असेल, तो नेहमी बोलतो तसं. पण आई म्हणते, नाय, मी ऐकलंय." हातातली पट्टी तिने घडी करून करून अगदी लहान केली होती. "मॅडम, खरं सांगा. लेखकानं ते मुद्दाम लिहिलंय का चुकून झालंय?"

आयुष्यभर मी मुलांना एकच गोष्ट घसा कोरडा करून सांगत आले: चांगल्या साहित्यकृतीत कुठलाही शब्द उगाच आलेला नसतो. विचारणारी मुलं फार थोडी, आणि इतकं नेमकं विचारणारी तर तोवर कोणी भेटलीच नव्हती. दुसऱ्या कुठल्याही वर्षी मी तिला खुर्ची देऊन बसवलं असतं, चहा पाजला असता आणि तासभर बोलत राहिले असते. मी म्हणाले,

"छपाईची चूक आहे ती."

"चूक?"

"अगं, या नव्या आवृत्तीत ढीगभर चुका आहेत. माझ्याकडे घरी जुनी प्रत आहे, तिच्यात 'येतो' आहे."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय? मी त्याच प्रतीवरून शिकले."

तिने पुस्तक मिटलं. "मग आईला सांगते, मॅडमनी सांगितलंय म्हणून." चार पावलं गेली आणि वळून म्हणाली, "ती जुनी प्रत बघायला मिळंल?"

"आणते की उद्या," मी म्हणाले. एका खोट्याच्या पोटी दुसरं जन्माला यायला चार पावलांचाही वेळ लागत नाही.

जुनी प्रत खरोखरच घरात होती. माझ्या कॉलेजच्या दिवसांतली, शिवण उसवलेली. गाडीत कासू गेलं, पेण आलं, आणि मी मनातल्या मनात नवस बोलावा तसं म्हणत राहिले की देवा, तिच्यात 'येतो' असू दे. घरी पोचल्यावर चप्पलसुद्धा न काढता पान उघडलं. 'आये, जातो.' शाई जरा फिकट, पण शब्द तोच. मग मी जे केलं ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पेन्सिल घेऊन एका कागदावर 'जातो' लिहिलं आणि त्याचं 'येतो' करता येतं का ते बघितलं. ज खरवडला तर य बसवता येईल, कान्याच्या जागी वर मात्रा द्यायची, पण छापलेल्या अक्षराची जाडी कुठून आणायची? मराठीची प्राध्यापिका जेवणाच्या टेबलाशी बसून आपल्याच आवडत्या कादंबरीत खाडाखोड करायचा सराव करत होती. आतून कुणीतरी चहाचं विचारलं तेव्हा मी दचकून कागद चुरगळला.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "नाही गं सापडत ती प्रत, माळ्यावर गेलीय वाटतं."

"असू दे, मॅडम," मनीषा म्हणाली. "आईला सांगितलं मी. बरं वाटलं तिला."

इतकी चटकन म्हणाली की मी सुटकेचा श्वास टाकला. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही.

पेपरच्या दिवसापर्यंत फोन आलेला नव्हता. मी विचारत नव्हते. ती वर्गात आली आणि तिने माझ्याकडे बघून मान किंचित हलवली की मला समजायचं. आमच्याकडे परीक्षेला फोन वर्गात नेता येत नाहीत, मुलं दप्तरात ठेवून दप्तरं बाहेर व्हरांड्यात भिंतीला लावून ठेवतात. बंद करा म्हणून बजावलेलं असतं आणि दोन-चार तरी चालू राहतातच. त्या दिवशी पर्यवेक्षण माझ्याकडेच होतं. प्रश्नपत्रिका वाटली. तिसरा प्रश्न मी दोनदा वाचला: 'कादंबरीच्या शेवटातून व्यक्त होणारा आशय आणि लेखकाची शैली यांचे विवेचन करा.' पेपर मी काढला नव्हता. काढला असता तरी हाच प्रश्न घातला असता.

तासभर सगळं शांत होतं. पंखे गरगरत होते, कुणीतरी पुरवणी मागत होतं. आणि बाहेर फोन वाजला. कुठल्यातरी दप्तराच्या तळाशी, दबलेला, एकसारखा. मनीषाचं पेन थांबलं. तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं, आणि तो कुणाचा फोन आहे हे मला सांगायची गरज उरली नाही. मी दाराकडे दोन पावलं टाकली. उमेदवाराचा फोन घ्यायचा कुठल्या नियमात बसतं? वर्ग सोडून जाणं कुठल्या नियमात बसतं? फोन थांबला. पुन्हा वाजला. बाकीची मुलं हसायला लागली होती. मनीषा हसली नाही, उठलीही नाही. तो दुसऱ्यांदा वाजायचा थांबेपर्यंत तिने डोळे मिटून घेतले, मग पुरवणीवर मान घातली आणि लिहायला लागली. घंटा होईपर्यंत ती पुन्हा वर बघेना.

पेपर संपल्यावर आम्ही दोघी दप्तरांच्या ढिगाशी जवळपास पळतच गेलो. नितेशचा नव्हता. रिचार्ज संपत आल्याची आठवण करून देणाऱ्या, मोबाइल कंपनीच्या टेप केलेल्या बाईचा फोन होता, दोन्ही वेळा. "मेली बाई," मनीषा म्हणाली. एरवी तिच्या तोंडून अपशब्द येत नाही. आम्ही दोघी हसलो, आणि मग हसणं कुठे थांबवायचं ते आम्हाला कळेना.

दुसऱ्या वर्षाचे पेपर कॉलेजातच तपासतात. स्टाफरूममध्ये मी गठ्ठा घेऊन बसले. बाहेर कैरीवाल्याची हाक, खिडकीतून येणारा धाटावचा नेहमीचा जरा उग्र वास, आणि समोर 'युद्धाची निरर्थकता, मानवी नात्यांची होरपळ'. वीस पेपरांत वीस वेळा विशेषणं गळाली. मग ते अक्षर आलं, जरा डावीकडे कललेलं. नाव झाकलेलं असलं तरी अक्षर कसं झाकणार? तिसरा प्रश्न मी आधी काढला. मला भीती वाटत होती की ती लिहील, 'ही छपाईची चूक आहे', आणि मी शिकवलेल्या खोट्याला मलाच गुण द्यावे लागतील.

तिने लिहिलं होतं: 'सहा वेळा येतो लिहिणारा लेखक सातव्या वेळी चुकत नाही. हा शब्द त्याने शेवटपर्यंत जपून ठेवला आहे. कादंबरीत युद्ध दाखवलेले नाही, कारण ते घरातल्या माणसांना दिसत नसते. घरातल्यांना फक्त निघतानाचा शब्द ऐकू येतो. चांगल्या मुलाच्या तोंडी असा शब्द यावा, इतके युद्ध वाईट असते. आई त्याला परत बोलावून पाणी देत नाही, कारण तिला कळले आहे की आता त्याचा उपयोग नाही. हे लेखकाने लिहिलेले नाही, पण ते तिथे आहे.'

आणि खाली, समास सोडून, शेवटची दोन वाक्यं: 'काही जण म्हणतात की ही छपाईची चूक आहे. तसे म्हणणाऱ्या माणसाचे मन चांगले असते.'

मी लाल पेन खाली ठेवलं. शेजारी बसणारे इतिहासाचे सर म्हणाले, "काय झालं, कॉपी सापडली का?" मी उत्तर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तिला व्हरांड्यातच कळलं होतं. पट्ट्या तिने घातल्या होत्या, मोजणी तिची होती, ती मला उत्तर विचारायला आलीच नव्हती. घरी घेऊन जायला एक वाक्य हवं होतं, आणि ते मॅडमच्या तोंडचं हवं होतं, म्हणजे आईला पटेल. आणि तिकडे बाहेर फोन वाजत असताना, तो कुणाचा आहे ते माहीत नसताना, तिने हे सगळं जसं होतं तसं लिहून काढलं. मी तिच्या आईच्या वयाची बाई, मला ते एका माणसासमोर तोंडाने बोलवलं नव्हतं. पंधरापैकी मी चौदा दिले. पूर्ण द्यायला हवे होते, पण भाषेच्या पेपराला पूर्ण गुण देत नाहीत, आणि त्या दिवशी नियम मोडायचं धाडस माझ्यात शिल्लक नव्हतं.

त्यानंतर सहाव्या दिवशी नितेशचा फोन आला. रेंज नव्हती, जागा बदलली होती, बाकी सगळं ठीक. 'जा'च्या पुढे काय होतं ते त्याला आठवत नव्हतं. मनीषाने स्टाफरूमच्या दारात उभं राहून हे सांगितलं आणि मी तिच्या उत्तराबद्दल काहीच बोलले नाही. मी पर्समधून पेढा काढावा तशी लिमलेटची गोळी काढून तिला दिली, दुसरं काही नव्हतं.

आता पुन्हा एप्रिल आहे. मनीषा बीए झाली, एका शाळेत शिकवते आणि पुढचाही अभ्यास करते. रविवारी तिने वाल न्यायला म्हणून घरी बोलावलं. अष्टमीहून रिक्षा केली. ओटीवर बसले. समोर तिची आई, मांडीवर सूप, कडवे वाल पुढे ओढून खडे बोटाने बाजूला सारत होत्या. नितेश शिमग्याला येऊन गेला होता. खिडकीच्या कठड्यावर डबा पालथा घालून त्यावर फोन उभा करून ठेवला होता, तिथेच रेंज मिळते म्हणून. त्याचा शेवटचा फोन येऊन चार दिवस झाले होते. काळजी कुणी बोलून दाखवली नाही, पण बोलता बोलता सगळ्यांची नजर त्या डब्याकडे जात होती आणि माझीही जायला लागली. मनीषा चहा टाकायला आत गेली.

"बाई," तिची आई सुपातून नजर न काढता म्हणाल्या, "तुमी तवा छापायची चूक म्हणून सांगितलंत ना?"

मला अंगणातला चिंचेचा पाचोळा फार महत्त्वाचा वाटायला लागला. "हो," मी म्हणाले.

"मला तवाच कळलेलं. कुठं चुकायचं आन कुठं नाय ते काय छापणाऱ्याला कळत नसंल? शेवटच्या पानावर बरा चुकला." त्यांनी एक खडा उचलून अंगणात फेकला. "पर पोरगी येवढी धावत आली सांगायला. मॅडम बोलल्या, मॅडम बोलल्या. म्हटलं, तिची परीक्षा हाय, तिला वाटू दे मला पटलं."

म्हणजे त्या उन्हाळ्यात आम्ही तिघी जणी एकमेकींना सांभाळत एकच खोटं या हातातून त्या हातात देत होतो, आणि तिघींपैकी एकीलाही ते खरं वाटलेलं नव्हतं. मला हसूही आलं आणि डोळेही भरून आले. मी विचारलं, "भीती नाही वाटली तेव्हा?"

"वाटली तर. आताबी वाटते." त्या डब्याकडे बघून म्हणाल्या, "येतो म्हणून गेलेली समदी येतात असं थोडीच हाय, बाई. पर म्हणायचं. आपल्या हातात तेवढंच हाय."

चहा झाला. वालाची पिशवी मनीषाने बांधून दिली, वर दोन कैऱ्या घातल्या. गाडीची वेळ होत आली होती आणि सवयीप्रमाणे माझं दोनदा घड्याळ बघून झालं होतं. मी उठले, पदर सावरला, उंबऱ्याशी आले, आणि आयुष्यभर विचार न करता उच्चारलेला शब्द त्या दिवशी मी नीट, जपून, दोन्ही अक्षरं ऐकू जातील असा उच्चारला.

"येते."

"या," मनीषाची आई म्हणाल्या.

मी पायरी उतरले. चपलेत पाय घालता घालता मागे बघितलं तर त्यांनी सूप बाजूला ठेवलं होतं आणि खिडकीतल्या त्या फोनकडे तोंड करून, अगदी हलक्या आवाजात, त्या पुन्हा एकदा म्हणाल्या, "ये."